खवाट्याच्या आतली बाजू

खण्ण करून काहीतरी फरशीवर आदळलं आणि धान्य मोजायची पितळी पायली घरंगळत देवघराच्या पडद्याखालून बाहेर आली. सुधारानीच्या पायाशी तिनं एक गिरकी घेतली आणि आडवी झाली.

रत्नम्मांची पूजा चालू असताना त्या घरात चमचासुद्धा वाजत नसे. कुकर नंतर लागायचा, नळ बारीक सोडायचा, सुधारानीचा नवरा महेशकुमार मोबाईल उशीखाली घालून ठेवायचा. आपल्या आईच्या पूजेच्या वेळेला खटकचिंचोळीतल्या म्हशीसुद्धा हंबरत नाहीत, असं तो चेष्टेनं म्हणे. त्या शांततेत पायलीचा आवाज म्हणजे घरावर पत्रा पडल्यासारखाच.

सुधारानीनं पडदा सारला. "अत्ती?" सासूला ती माहेरच्या कानडी वळणानं अत्तीच म्हणायची.

रत्नम्मा चटईवर बसलेल्या. कपाळावर विभूतीचे तीन ओले पट्टे. इष्टलिंग उजव्या मुठीत घट्ट धरून छातीशी लावलेलं, आणि डावा हात पोटावर आडवा, जणू दुसऱ्याच कुणाचा तिथं आणून ठेवलाय.

"पडलं न्हाई," त्या आधीच म्हणाल्या. "लिंग पडलं न्हाई. पायली पडली."

"पायली देवघरात काय करायलीय, अत्ती?"

"तू भाकरी बघ. करपायलीय."

भाकरी अजून तव्यावर पडलीच नव्हती.

सुधारानी चुलीपाशी आली खरी, पण तिचं लक्ष हातातल्या पिठात नव्हतं. गेले कित्येक दिवस सकाळी जोंधळ्याच्या पोत्यावरची पायली जागेवर नसायची. शैलूनं खेळायला नेली असेल म्हणून तिनं लेकीला दोनदा रागावलंही होतं. पाच वर्षांची पोर ओठ काढून म्हणायची, "मी न्हाई घेतली गं मम्मी." आणि पायली इथं होती. रोज पूजेच्या वेळी रत्नम्मांच्या मांडीवर पालथी असणार. तिच्यावर डाव्या हाताचा कोपर टेकवलेला.

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं सासूची पूजा पडद्याच्या फटीतून पाहिली होती. तिच्या माहेरीही सगळ्यांच्या गळ्यात लिंग होतं, पूजा होती, पण ती घाईघाईची. एक डोळा लिंगावर आणि एक दुधावर. रत्नम्मा तसं करत नव्हत्या. गळ्यातल्या करडगीतून, त्या चांदीच्या डबीतून, लिंग काढायच्या, डाव्या तळहातावर ठेवायच्या, आणि तो हात डोळ्यांसमोर धरायच्या. मग नुसतं बघत राहायच्या. हाताला कशाचा टेका नाही, कोपराला गुडघ्याचा आधार नाही. भिंतीत कोनाडा बांधून काढावा तसा तो हात हवेत बांधलेला. सुधारानी तेव्हा फिजिओथेरपीची डिग्री घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. हात असा धरून ठेवायला काय काय लागतं, ते तिला ठाऊक होतं. म्हणून तिला तो हात इतरांपेक्षा जास्त दिसला. त्या दिवसापासून सासूविषयी तिच्या मनात जी जागा झाली, ती भांडणातसुद्धा हलली नाही. आणि भांडणं काय कमी झाली असतील?

दुपारी शैलू झोपली, तशी सुधारानी रत्नम्मांच्या समोर बसली.

"कधीपासून पायली घ्यायलाव?"

रत्नम्मा शेंगा फोडत होत्या. उजव्या हातानं दाबायच्या, डाव्या हातानं नुसत्या धरायच्या. "संक्रांतीपासनं."

"आणि मी रोज सांच्याला पाठ चोळायलेय, शेक द्यायलेय, तर म्हणता बरं वाटायलंय."

"बरं वाटतंयच की. तुझा हात गरम हाय."

"हात उचलतोय का?"

रत्नम्मांनी टरफलं सुपात झटकली. "श्रावणापर्यंत उचलला तर पुरे."

श्रावणातल्या सोमवारी गावातल्या मठात सगळ्या बायका रांगेनं बसून एकत्र इष्टलिंग पूजा करायच्या, आणि पुढच्या रांगेत रत्नम्मांची जागा ठरलेली होती. सुधारानी म्हणाली, "न्हाई उचलला तर न्हाई. टेकवून बसा. स्वामीजी काय हाकलून देणार हायेत का?"

"हाकलतील कशाला? चांगलं माणूस हाय." रत्नम्मांनी सूप बाजूला सारलं. "सुधा, मी अंगठा लावणारी बाई. मला वाचता येत न्हाई. मठातली माझी जोडीदारीण नागरत्ना बसल्या जागी पाच-पन्नास वचनं म्हणती, मला एक सरळ म्हणता येत न्हाई, मधीच गडबडतंय. मला येतंय ते एवढंच, हात धरून बसायचं. महेशचे बाप, तुझे मामा, गेले त्या दिवशीबी धरला. आता तेवढंबी न्हाई म्हणल्यावर मी मठात जाऊन काय करू? चपला मोजू?"

त्या हसल्या. सुधारानीला हसू आलं नाही.

तिनं त्यांना स्टुलावर बसवलं. दोन्ही कोपर अंगाला चिकटवायला सांगितले आणि दार उघडावं तसे हात बाहेरच्या बाजूला न्यायला लावले. उजवा हात सहज उघडला. डावा जेमतेम पोटापासून सुटला आणि थांबला. सुधारानीनं हळूच आधार देऊन पुढं न्यायला बघितलं, तर आतून कडी लावलेली. रत्नम्मांनी डोळे मिटले.

"पाठीमागं न्या बघू. कमरेवर."

तेही नाही. आता तिला कळलं, अत्ती गेले कित्येक दिवस वेणी सोडून अंबाडा का घालत होत्या, आणि पदर मागून पुढं खोचायला शैलूला का हाक मारत होत्या.

"दुखायलंय कुठं?"

रत्नम्मांनी उजवा हात गळ्यावरून मागं टाकून डाव्या खवाट्यावर, खांद्याच्या पात्यावर, बोट ठेवलं. "हितं."

तिथंच तर ती रोज चोळत होती. तेल लावून, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून. सुधारानी त्या बोटाकडं बघत राहिली आणि तिला कलबुर्गीच्या कॉलेजातला डिसेक्शन हॉल आठवला. औषधाचा डोळ्यांत चढणारा वास, उंच खिडक्या, आणि टेबलाशी उभे अमरेश सर. सर कधी आवाज चढवत नसत. पालथ्या देहाच्या खांद्याशी उभं राहून ते म्हणाले होते, "हाताला फिरवणारे चार आहेत. मागून बघाल तर तीनच सापडतील. चौथा बघायचा तर पातं उचलावं लागतं." आणि मग त्यांनी खांद्याच्या पात्याची आतली कड दोन बोटांनी धरून बरगड्यांपासून वर उचलली होती. खाली, पात्याच्या खोलगट पोटात, पंख्यासारखा पसरलेला जाडजूड स्नायू होता. सबस्कॅप्युलरिस. सगळ्या मुली वाकून बघत होत्या, आणि मागची एक हळूच म्हणाली होती, "एवढा मोठा? आणि बाहेरून काहीच कळत नाही?"

हात आत ओढून धरणारा तो. तो आखडला की हात पोटाकडंच वळतो, बाहेर उघडत नाही. आणि दुखणं मात्र उलट्या बाजूला, पाठीवर सांगतो. सुधारानी इतके दिवस भिंतीच्या या अंगाला चोळत बसली होती. तिला स्वतःचा राग आला. शैलू झाल्यापासून पुस्तकं लोखंडी पेटीत होती. पोर झोपली की कधीमधी एखादं काढायचं आणि दोन पानांत डोळा लागायचा. पण हे विसरायला नको होतं.

"अत्ती, खांद्याच्या फोटोत काय म्हणले होते? महेशनं दवाखान्यात नेलं होतं तवा?"

"चांगला आला म्हणले."

"फोटो कुठाय?"

रत्नम्मा पुन्हा सुपाकडं वळल्या.

"अत्ती."

"काढलाच न्हाई."

"म्हणजे?"

"महेश गाडी लावायला गेला होता. आत एक पोरगी होती, तुझ्याएवढीच, चांगली होती गं. म्हणली, अम्मा, गळ्यातलं सगळं काढून भाईर द्या. मी म्हणलं, बोरमाळ काढते, हे न्हाई. ती म्हणली, अम्मा, चांदीची डबी हाय, फोटोत सावली पडती. मी म्हणलं, पडू दे की, देवाची सावली हाय. ती हसली बिचारी. म्हणली, असं चालत न्हाई अम्मा. मग मी उठले आन भाईर आले. महेशला म्हणलं, झालं. त्यानं चहा पाजला."

सुधारानीनं कपाळावर हात मारला. एकीकडून राग, एकीकडून हसू. लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे तिलाही लहानपणापासून माहीत होतं. दवाखान्यातल्या मुलीला ते कोण सांगणार?

"अत्ती, पूजेच्या टायमाला लिंग कुठं असतंय?"

"हातावर."

"तवा ते अंगावेगळं होतंय का?"

"कसं हुईल? हात काय अंगाला न्हाई का?"

"मग डावा खांदा दाखवायचा होता की वो. डबी महेशकडं द्यायची, लिंग उजव्या मुठीत धरून उभं राहायचं."

 रत्नम्मांनी आपल्या उजव्या मुठीकडं बघितलं. "हे त्या पोरीला कामून सुचलं न्हाई?"

"तिला माहीत न्हाई की."

"आन मला?" असं म्हणून त्या अशा हसायला लागल्या की आतून शैलू जागी झाली.

त्याच आठवड्यात फोटो निघाला. रत्नम्मांची उजवी मूठ मांडीशी आवळलेली आणि महेशकुमार बाहेर मोकळी करडगी रुमालात धरून उभा. हाडाला काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सांधा आखडलाय, शुगर असली की होतं असं, व्यायाम करा, महिने लागतील. घरी आल्यावर रत्नम्मांनी ती काळी फिल्म खिडकीशी धरली.

"हे तिकोनी काय?"

"हेच पातं. खवाटा. पुस्तकात स्कॅप्युला म्हणत्यात, आयुर्वेदवाले अंसफलक."

"आन तू म्हणायलीस तो?"

"तो ह्याच्या आतल्या बाजूला. बरगड्यांकडं तोंड करून. फोटोत दिसत न्हाई."

"फोटोत दिसत न्हाई, भाईरून दिसत न्हाई, मग कुणी बघितला?"

 सुधारानीनं डिसेक्शन हॉलचं सांगितलं. सासूला हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात आणि तसंच मातीत ठेवतात. फाडण्याचं ऐकून अत्ती काय म्हणतील, याची तिला धास्ती होती.

"निजवून ठिवत्यात?" रत्नम्मांनी विचारलं.

"व्हय."

"पालथं?"

"पाठीचं शिकताना पालथं."

"कोण होतं ते?"

"माहीत न्हाई, अत्ती. सांगत न्हाईत."

रत्नम्मांनी फिल्म खाली ठेवली, उजवा हात छातीशी नेला आणि मान लववली. "शरणु," त्या म्हणाल्या. समोर मठातला जंगम गुरू उभा असल्यासारख्या. "त्याचा खवाटा उचलला म्हणून तुला माझा कळला."

त्या दिवसापासून उपचार सुरू झाला आणि पहिलीच अडचण काखेची निघाली. पात्याच्या आतल्या बाजूला मागून हात जात नाही. काखेतून, बरगडी आणि पातं यांच्यामधून बोटं सरकवावी लागतात. रत्नम्मांनी आयुष्यात कुणाला काख दाखवली नव्हती. "पोरगं झालं तवा सुईणीनंबी बघितली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला कशाला दाखवू?"

"मी बघतच न्हाई. डोळे मिटून करते."

"मग दिसंल कसं?"

"बोटांना दिसतंय."

त्या पलंगावर निजल्या, लिंग उजव्या तळहातावर घेऊन, बोटं मिटून. सुधारानीनं त्यांचा डावा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला आणि बोटं हळूहळू आत सरकवली. पाच वर्षं तिनं असं काही केलं नव्हतं. बोटांच्या टोकांना आधी चरबी लागली, मग बरगडीचा कठीण वळसा, आणि मग त्याच्या पलीकडं, उन्हात राहिलेल्या चामड्याच्या वादीसारखी ताठ धार. हाच. परीक्षेत पास झाली तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता.

"दुखायलंय?"

"दुखतंय. पण तेच दुखतंय." रत्नम्मांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं, पण आवाज तसाच होता. "हेच संक्रांतीपासनं दुखायलंय. कुणीबी हात लावला नव्हता ह्याला. काय नाव म्हणलीस?"

"सबस्कॅप. सोपं करून सांगते, सबस्..."

"सोपं नको. पुरं सांग. ज्याच्याकडनं काम करून घ्यायचं त्याचं नाव पुरं घ्यावं."

"सबस्कॅप्युलरिस."

रत्नम्मांनी ते दोन-तीन वेळा तोंडात घोळवलं. आणि मग त्यांना सगळंच हवं झालं. तो ज्या खोलगट भागात पसरलेला आहे त्याचं नाव? सबस्कॅप्युलर फोसा. त्याला रक्त कोण देतं? काखेतल्या मोठ्या नसेची एक जाड फांदी, सबस्कॅप्युलर आर्टरी. हुकूम कोण देतं? दोन मज्जातंतू, एक वरचा आणि एक खालचा. आणि पातं बरगड्यांवरून सरकतं ते कशावर? मधे आणखी एक स्नायू आहे, बरगड्यांना बोटं धरल्यासारखा चिकटलेला, सेरेटस अँटिरिअर. आणि सांध्यापाशी घासू नये म्हणून पाण्याची एक लहानशी पिशवी, सबस्कॅप्युलर बर्सा.

"पाण्याची पिशवी?" रत्नम्मा चकित झाल्या. "माझ्यात?"

"सगळ्यांच्यात."

"कुणी सांगितलंबी न्हाई." त्या छताकडं बघत राहिल्या. "आमच्यात वरच्या बाजूला एकच नाव, खवाटा. कानडीतबी हेगलु म्हणून सगळा खांदाच सांगत्यात. आतल्या बाजूला कुणी नावच ठिवलं न्हाई बघ. आन तुमच्यात तिथल्या पिशवीलाबी नाव. केवढं बारीक बघितलंय माणसानं!"

सुधारानीला वाटलं, ही नावं आपण पाठ केली होती, रट्टा मारून, मार्कांसाठी. ती अशी कुणी ऐकली नव्हती. कुणी आपल्याच घरातल्या न बघितलेल्या खोल्या मोजाव्यात तशा अत्ती ती ऐकत होत्या. मग दुपारी पोर झोपली की सुधारानीसुद्धा पेटीतलं पुस्तक काढून आधी बघून ठेवू लागली, कारण अत्तीचे प्रश्न आता दोन पानांत मावत नव्हते.

महेशकुमार दुकानातून जेवायला यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "सासू-सून काखेत काय शोधायलाव? सोनं सापडलं तर मला निम्मं."

"तुझ्या बापाचं सोनं पाठीवर होतं, पोती वाहून वाहून," रत्नम्मा आतून ओरडायच्या. "काखेतलं माझं हाय."

रोज व्यायाम. काठी दोन्ही हातांत धरून आडवी सरकवायची. उजव्यानं ढकलायचं, डाव्यानं उघडायचं. रत्नम्मांना मोजायचा कंटाळा. त्या आकड्यांऐवजी नावं घ्यायच्या. एका नावाला हात उघडायचा, पुढच्या नावाला मिटायचा. अंगणातून येणारी-जाणारी थबकायची. एकदा नागरत्ना मळ्यातली वांगी द्यायला आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. ही मठातली त्यांच्या शेजारी बसणारी मैत्रीण, वचनं पाठ असलेली आणि जिभेची तिखट.

"रत्नक्का, हे कोणचं वचन काढलंस नवीन?"

"माझ्या खवाट्याचं. तुझ्यात न्हाई ते."

"मग म्हण की पुरं."

रत्नम्मांनी फोसापासून बर्सापर्यंत एकदाही न अडखळता म्हणून दाखवलं. नागरत्नानं वांगी खाली ठेवली आणि सुधारानीकडं बघून म्हणाली, "हिला साधं वचन म्हणताना ठसका लागतोय गं. तू काय पाजलंस?"

हात उघडू लागला. आधी बोटभर, मग वीतभर. रत्नम्मांनी एक दिवस वेणी घातली, वाकडी, आणि दिवसभर मिरवली. पायली पोत्यावर परत गेली. पण पूजेत हात अजून छातीच्या वर येत नव्हता. आणि आषाढ लागला, तशा त्या आतून घाईला आल्या. एका दुपारी सुधारानी शैलूला अंगणवाडीतून आणायला गेली असताना त्यांनी दाराच्या चौकटीवरून दोर टाकला, उजव्या हातानं ओढून डावा वर खेचला आणि खेचतच राहिल्या. सुधारानी आली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढरा, दोर अजून मनगटात.

मग आठवडाभर काहीच नाही. हात पुन्हा पोटाला चिकटला. काखेत बोट टेकवू देत नव्हत्या.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "नागरत्नाला सांग, पुढच्या रांगेत तू बस म्हणावं."

सुधारानी इतकी चिडली की तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी सांगणार न्हाई. तुमी सांगा. आणि असं सांगा, की मी सुनेचं ऐकलं न्हाई, दाराला लोंबकळले, म्हणून येणार न्हाई."

"लोंबकळले न्हाई. ओढलं."

"तो काय बैल हाय का, ओढला की चालायला? चार महिने मी त्याला बोटाबोटानं समजावून सोडवायलेय. तुमीच म्हणलाव, नाव पुरं घ्यावं. नाव घेता आणि वर त्याला दोरानं बांधता?"

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, त्याचा वास आला, दोघी हलल्या नाहीत. शेवटी रत्नम्मा म्हणाल्या, "चुकलं." आणि पलंगावर जाऊन निजल्या, उजव्या तळहातावर लिंग घेऊन. डावा हात त्यांनी आपणहून, जेवढा जाईल तेवढा, बाजूला केला. "ये."

श्रावणातल्या सोमवारी मठाच्या सभामंडपात चटया अंथरलेल्या होत्या. विभूतीचा, ओल्या बेलपानांचा आणि भिजलेल्या छत्र्यांचा वास भरून राहिला होता. रत्नम्मा पुढच्या रांगेत आपल्या जागी बसल्या. शेजारी नागरत्ना. सुधारानी थोडी मागं, खांबाशी, शैलूला मांडीत घेऊन. तिनं स्वतःचं लिंग काढून हातावर घेतलं होतं, पण डोळे पुढच्या रांगेवर होते. ते बरोबर नाही, हे तिला कळत होतं.

स्वामीजींनी सांगितलं, तसे सगळे हात उठले.

रत्नम्मांचा हात पोटापासून सुटला. छातीशी आला. तिथं थांबला. सुधारानीच्या बोटांच्या टोकांना ती ताठ धार जाणवली, जणू तिचीच बोटं अजून आत होती. सोड आता, ती मनात म्हणाली, सोड, एवढं एकदा. आणि तो हात हळूच वर सरकला. हनुवटीपर्यंत. ओठांपर्यंत. डोळ्यांच्या समोर आला आणि उभा राहिला.

पूर्वीसारखा नव्हता. कोपर अंगापासून फार सुटला नव्हता आणि मनगट बारीक थरथरत होतं. पण तळहात सपाट होता. लिंग त्यावर काळं, तुळतुळीत, जागच्या जागी. नागरत्नानं मान न वळवता आपली दुमडलेली शाल अत्तीच्या गुडघ्याकडं सरकवली, कोपर टेकवायला. रत्नम्मांनी उजव्या हातानं ती तशीच परत सारली, बेलपान उचलावं इतक्या सहज.

वेळ गेला. थरथर मनगटातून कोपरात उतरली, कोपरातून खांद्यात. अत्तीच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघून पोलक्यात शिरला. पाठीवर, पदराच्या आत, ते पातं हलताना दिसत होतं, आणि त्याच्या आत कोण कोण राबत असेल, हे त्या सबंध मंडपात दोघींनाच ठाऊक होतं.  असा हात सुधारानीनं दुसऱ्या कुणाचा बघितला नव्हता. दुखल्याशिवाय धरलेला हात पुष्कळांचा असतो. हा दुखत होता, आणि धरलेला होता. अत्तीचे डोळे समोरच्या त्या काळ्या ठिपक्यावरून एकदाही हलले नाहीत. तोंडावर दुखल्याची एक रेघ नव्हती. बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडं बघावं, तसं त्या बघत होत्या.

शैलूनं आईच्या मांडीवरून मान उंच केली. तिनं आजीचा थरथरणारा हात बघितला, मग त्यावरचं लिंग बघितलं, मग पुन्हा हात. आणि आईच्या कानाला तोंड लावून, गरम श्वासात, तिनं विचारलं, "मम्मी, अव्वाचा हात एवढा दुखायलाय, मग देवच कामून उतरंना गं खाली?"